शुक्रवार पेठेतल्या वाड्यात निघालेले तीन सापळे: कुठला ठेवू, कुठला भंगारात?

पंचगंगा_घाट:

नमस्कार मंडळी. आमचा कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतला जुना वाडा पाडून अपार्टमेंट होणार आहे, त्यामुळं आवराआवर सुरू आहे. खालच्या अडगळीच्या खोलीत जनावरं धरायचे तीन लोखंडी सापळे निघाले. २०१९ च्या पुरात ही खोली पाण्यात होती, तेव्हाचा गाळ अजून त्यांच्या सांध्यांत आहे.

पहिला भलामोठा, दातेरी. मधल्या गोल पाटीवर इंग्रजीत 'न्यूहाउस' असं लिहिलंय. काकांनी कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेला. अमेरिकेतला अस्वलाचा सापळा म्हणून येईल त्याला कौतुकानं दाखवायचे. दुसरा लहान, जबडा वीतभरही नाही, एकाच बाजूला लांब दुमडलेली कमान, म्हणजे स्प्रिंग. त्यावर 'लेन' आणि 'वेन्सफील्ड' एवढं पुसट वाचता येतं. तिसऱ्यावर अक्षर म्हणून नाही. ओबडधोबड, एक दात दुसऱ्यासारखा नाही, साखळी मात्र झकास. पणजोबा संस्थानच्या शिकारीच्या खात्यात होते असं घरात सांगतात, त्यांच्या वेळचा असावा.

भंगारवाला तिन्ही किलोवर मागतोय. धाकट्या भावाचा बेत वेगळाच: मोठा घासूनपुसून, सिल्व्हर पेंट मारून त्याच्या हॉटेलात टांगायचा, बाकीचे दोन देऊन टाकायचे. कुणाला यातलं कळतं का? किंमत काय धरावी?

टूलरूम_निवृत्त:

आधी भावाच्या हातातला वायर ब्रश काढून घ्या, मग बोलू.

उभा जन्म उद्यमनगरात फायलिंग-फिटिंगमध्ये गेला, आणि जुनी कुलपं, अडकित्ते, सापळे असलं काहीबाही जमवायचा नाद हाय. तुमचा भाऊ जो टांगायला निघालाय तोच मला संशयाचा वाटतोय. जबड्याच्या कडेवरनं नख फिरवा. मधोमध एक बारीक सलग शिवण लागती का? साच्याचे दोन भाग जिथं जुळतात तिथं ती उठती. आपल्या कोल्हापुरातल्या कुठल्याही फौंड्रीतलं पोरगं ती डोळं झाकून सांगंल. मग कमानीकडं बघा. कमान पोलादाचीच पाहिजे, पाणी दिलेली, म्हंजे तापवून बुडवून कडक केलेली. बीड, म्हंजे साच्यात ओतलेलं लोखंड, वाकत न्हाई, मोडतं, म्हणून बिडाची कमान म्हंजे निव्वळ शोभा. हलकं ठोकून आवाज ऐका: पोलाद खणखणतं, बीड बद्द वाजतं.

न्यूहाउस हे नाव मोठं हाय, म्हणून तर त्याच्या नकला निघतात. सिवेल न्यूहाउस हा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा कम्युनिटीत होता. १८४८ ला सुरू झालेली ती एक धार्मिक वसाहत. पुढं हीच मंडळी काटे-चमच्यांसाठी नावाजली, पण आधी त्यांचं घर चाललं ते सापळ्यांवर. शून्यापासनं सहापर्यंत नंबर असायचे. सहा नंबरचा सगळ्यात मोठा, जबडा उघडला की १६ इंच आणि वजन ४२ पौंड, म्हंजे एकोणीस किलोच्या आसपास. अस्सल असला तर पाटीवरची अक्षरं रेखीव दिसतात. तुमची पसरट, वितळल्यासारखी असली तर काकांना कुणीतरी टोपी घातली.

लेनचा मात्र मला खरा वाटतो. वेन्सफील्ड हे इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनच्या शेजारी. सापळे करणाऱ्यांचंच गाव म्हणा ना. हेन्री लेन, साइडबॉटम ही तिथली नावं. हा 'जिन' सापळा, बहुतकरून सशांचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५८ पासनं त्याच्यावर बंदी आली. पण ढिगानं बनले होते, त्यामुळं दुर्मीळ न्हाई. खटक्याचा तुकडा पितळेचा हाय का बघा. असला आणि मूळचाच असला तर गिऱ्हाईक जरा जास्त मोजतं.

आणि तिसरा, ज्याला कुणी विचारीना, त्याचा फोटो टाका. दात छिन्नीनं पाडलेत का कानशीनं, ते बघायचंय मला.

करवीर_वाचक:

मुक्या जनावराचा पाय मोडणारी वस्तू शोभेला लावायची, त्यात कौतुक कसलं? सरळ भट्टीत घाला.

टूलरूम_निवृत्त:

@करवीर_वाचक, तलवारीनं माणसं मेली, तरी ती काचेत ठेवतोच की. सापळा परत लावू नये एवढं माझं बी म्हणणं हाय.

राधानगरी_रानवाट:

लावण्याचा विषय निघालाच आहे तर कायद्याचंही सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सापळे आणि फासे हे 'शस्त्र' या व्याख्येतच येतात, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. तेव्हा फोटोसाठी डिकीत टाकून दाजीपूरच्या अभयारण्यात नेण्याची हौस कुणी करू नये. 'नुसता ठेवला होता' हे चेकनाक्यावर पटवणं अवघड जातं.

अडगळीत शिंगं, कातडी, पेंढा भरलेलं डोकं असं काही सापडलं तर ते सापळ्यांबरोबर विकायचा विचारही करू नका. वन्यप्राण्यांच्या असल्या वस्तूंना मालकीचा दाखला लागतो. आधी वनखात्यात चौकशी करा. आणि एखादा सापळा शंभर वर्षांपुढचा निघाला तर १९७२ चाच पुरावस्तू कायदा आहे. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाइकाच्या रकमा बघून पार्सल करायला निघू नका.

पंचगंगा_घाट:

टूलरूम काका, शिवण सापडली! दोन्ही जबड्यांवर आहे, आणि कमानीवरसुद्धा. अक्षरं तुम्ही म्हणता तशीच पसरट. भाऊ खट्टू झालाय, पण हॉटेलात टांगायला आता मोकळा आहे. लेनचा खटका पितळेचा निघाला. तिसऱ्याचा फोटो जोडलाय. गाळ कसा काढू? एक जण व्हिनेगरमध्ये बुडवा म्हणाला.

टूलरूम_निवृत्त:

मोठ्याला काय पाहिजे ते फासा, गुलाबी रंग दिला तरी माझी हरकत न्हाई.

व्हिनेगर नको. आम्लात पाणी दिलेलं पोलाद ठिसूळ हुतं, कमानीला न दिसणारी चीर पडती. गॅसचा टॉर्च बी नको, ताव गेला की कमान म्हंजे साधी पट्टी. गाळ वाळलेला हाय ना? मग बांबूची काडी आणि सुका दात घासायचा ब्रश. सांध्यांत रॉकेल सोडा, रात्रभर राहू द्या, लांब उघड्यावर, विडी-काडीपासनं दूर. सकाळी पुसून शिवणयंत्राचं तेल आणि सगळ्यात बारीक नंबरची स्टील वुल, हलक्या हातानं. लाल सुटा गंज तेवढा जाऊ द्या, खालचा काळपट थर राहू द्या. तो थर गेला की जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवतं. अक्षरांवर तर घासूच नका. शेवटी पातळ मेण, आणि रद्दी पेपरात गुंडाळू नका, आपल्याकडच्या आषाढात तो ओल धरून बसतो.

जबडा उघडून बघायची खुमखुमी येणार, घरात पोरं बी हैत. उघडायचा न्हाई. जुनी कमान कवा सुटंल सांगता येत न्हाई, आणि सुटली तर बोट गेलंच. बंदच ठेवा, कमानीला बी तेवढाच आराम.

आता तिसरा. फोटोत दात छिन्नीनं पाडल्यासारखे दिसतात, एका अंगानं बुर, म्हंजे छिन्नीनं उठलेली खरबरीत कड, बी तसाच सोडलाय. साखळीला भोवरकडी हाय, म्हंजे जनावर गरागरा फिरलं तरी पीळ पडू नये एवढा विचार करणारा लोहार होता तो. कंपनीचा माल न्हाई हा. कोल्हापूरची शिकार म्हटली की लोकांना चित्ते आणि काळवीट आठवतात, सापळ्याचं नाव कुणी काढत न्हाई. पणजोबांचा नेमणुकीचा कागद, पगारपत्रक, मोडीतलं कायबी चिटोरं घरात असंल तर जपून ठेवा. न्हाईतर पुराभिलेखागारात त्यांच्या नावानं शोध घ्या. कागद मिळाला तर या बिननावाच्या सापळ्याला लेनपेक्षा जास्त मोल, आणि न मिळाला तरी मी तो भंगारवाल्याला देणार न्हाई.

पैशाचं म्हणाल तर आपल्याकडं याला बांधलेला बाजार न्हाई. नाव, नंबर, मूळची साखळी, कुठं वेल्डिंग झालंय का, कमान शाबूत हाय का, यावर सौदा ठरतो. ऑनलाइन मागितलेल्या रकमा बघू नका, खरोखर विकल्या गेलेल्या बघा. लेनचे पैसे भंगाराच्या कितीतरी पट येतील, पण त्यात फ्लॅट येणार न्हाई.

साखळीचा अजून एक फोटो काढा, दिवसा, कडीच्या जोडावर. भट्टीत तापवून ठोकलेला जोड हाय का नंतर कुणी वेल्डिंग मारलंय, ते यातनं दिसंना.