६×६ केनकेन: अंदाज न मारता कसं सोडवायचं?

सात रस्ता
केनकेन हे चौकटीतलं आकड्यांचं कोडं: ६×६ मध्ये प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत १ ते ६ एकेकदाच येतात, आणि जाड रेषेनं वेढलेल्या घरांच्या प्रत्येक गटात (कप्प्यात) दिलेल्या खुणेनं दिलेली संख्या यायला हवी (११+ म्हणजे बेरीज ११, ५− म्हणजे फरक ५, २०× म्हणजे गुणाकार २०). ४×४ चं केनकेन मुलं पटकन सोडवतात, ६×६ ला अडकतात. एकच जोडी बसणारे कप्पे (११+ म्हणजे ५-६, ५− म्हणजे १-६, २०× म्हणजे ४-५) भरून झाले की गाडी थांबते. मग कुणीतरी अंदाजानं आकडा टाकतं, आणि पंधरा घरं पुढं गेल्यावर एका ओळीत दोन ४ निघतात. समोरच्या कोड्यात पहिल्या आडव्या ओळीत दोन-दोन घरांचे तीन कप्पे आहेत: १−, २− आणि १२×. सुरुवात कुठून करायची?

विजापूर वेस
ही ओळ इथंच सुटते, बघा की. १ ते ६ ची बेरीज २१, म्हणजे विषम. दोन आकड्यांतला फरक विषम असला की त्यांची बेरीजही विषम, फरक सम असला की बेरीज सम. म्हणजे १− ची बेरीज विषम आणि २− ची सम. एकूण विषम यायला १२× ची बेरीज समच हवी. १२× ला २-६ किंवा ३-४ बसतात, पैकी ३+४ = ७ बाद. २-६ गेल्यावर १, ३, ४, ५ उरतात. २− ला ३-५ दिलं तर १− ला १-४ राहतं, ते चालत नाही. म्हणून २− मध्ये १-३, १− मध्ये ४-५. जोडीतला कुठला आकडा आधी, ते उभ्या ओळी सांगतील.

दुसरी युक्ती ओळीबाहेर डोकावणाऱ्या घराची. समजा ओळीत ९+ आणि ७+ हे दोन-दोन घरांचे कप्पे पूर्ण आहेत, आणि ११+ या तीन घरांच्या कप्प्याची दोन घरं ओळीत, एक खाली. २१ मधून १६ गेले, ५ उरले. म्हणजे खालच्या घरात ६, आजूबाजूला काही न बघता. शिवाय ९+ ला ३-६ असेल तर ७+ ला २-५ च, आणि ४-५ असेल तर १-६ च. एक जोडी ठरली की ओळ ठरली.

सात रस्ता
सम-विषम डोक्यातच आलं नव्हतं, आभार. आता काटकोनातला १५+ चा तीन घरांचा कप्पा: ४-५-६ धरला, तरी पुढं जुळत नाही.

कन्ना चौक
सर, तिथं ६-३-६ पण बसतं, ३ कोपऱ्यात. केनकेनमध्ये कप्प्यात आकडा परत येऊ शकतो, फक्त एकाच आडव्या किंवा उभ्या ओळीत नको. किलर सुडोकू आणि काकुरो या बेरजेच्या कोड्यांत परत चालत नाही, त्यामुळं ती सोडवणारे हमखास इथं चुकतात. तीन घरांच्या ३६× चंही तसंच: सरळ रेषेत असेल तर २-३-६ एवढंच, काटकोनात मात्र ६-१-६ (कोपऱ्यात १) आणि ३-४-३ (कोपऱ्यात ४) सुद्धा.

गुणाकारात पहिल्यांदा ५ तपासा. ५ नं भाग न जाणाऱ्या गुणाकारात ५ नसतोच. उभ्या ओळीत ३६× सरळ असेल तर ५ ला उरलेल्या तीन घरांतच जागा आहे.

शक्यता लिहायला नवी पेठेत मिळते ती चौकटीची वही घ्या, कोड्याच्या एका घराला वहीचे चार चौकोन. पण सगळ्याच शक्यता लिहून पान काळं करू नका. दोनच उरल्या असतील तिथंच लिहा.

विजापूर वेस
शेवटच्या मुद्द्यावर माझं मत वेगळं. नवख्या मुलांना तीनपर्यंत लिहू द्या, नाहीतर ती ६-३-६ सारखी जोडणी विसरतात. आणि वर्गात लगेच उत्तर सांगू नका. तेत्सुया मियामोतो या जपानी शिक्षकानं २००४ मध्ये हे कोडं केलं ते मुलांनी आपलं आपण शिकावं म्हणूनच.

७×७ ला गेलात तर एका ओळीची बेरीज २८, सम. तिथं विषम बेरजेचे कप्पे जोडीनंच आले पाहिजेत.