मदत हवी आहे: भिंग अर्धं झाकलं तरी प्रतिमा अख्खी कशी येते? (दहावी विज्ञान)

नमस्कार, सोलापूरहून लिहितेय. पोरगी दहावीला आहे, सध्या भिंगांचा धडा चालूय. मी युनिफॉर्म शिवायचं काम करते, सुई ओवायला घरात एक बहिर्वक्र (मध्ये जाड, कडेला पातळ) भिंग आहे, तेच घेऊन आम्ही दोघी बसलो. दुपारी खिडकीसमोर धरलं तर बाहेरचं लिंबाचं झाड भिंतीवर उलटं आलं, रंगासकट! भिंतीपासून साधारण १५ सेंमीवर स्पष्ट दिसलं म्हणजे नाभीय अंतर (भिंगापासून नाभीपर्यंतचं, म्हणजे लांबून आलेले किरण जिथे एकत्र येतात तिथवरचं) तेवढंच. रात्री लाईट गेल्यावर मेणबत्ती ३० सेंमीवर ठेवली, तर पलीकडे कागदावर ३० सेंमीलाच तेवढीच ज्योत, उलटी. भिंगाच्या सूत्रानेही तसंच येतं, इथवर ठीक.

मग तिने भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कापडाने झाकला. वाटलं अर्धी ज्योत जाणार, पण ज्योत अख्खी, फक्त मंद. वहीतल्या आकृतीत ज्योतीच्या टोकातून दोनच किरण काढलेत, एक समांतर जाऊन भिंगाच्या वरच्या भागातून वळतो नि नाभीतून जातो, दुसरा मधोमध सरळ. पहिला तर कापडानेच अडला ना, मग टोकाची प्रतिमा बनली कशी? परवा चाचणी आहे, पाठ करून जाईल ती, पण मला तिला समजलेलं हवंय.

उत्तर:
ताई, ते दोन किरण फक्त आकृतीसाठी निवडलेत, ते कसे जाणार हे आधीच माहीत असतं म्हणून. खरं तर ज्योतीच्या प्रत्येक ठिपक्यातून असंख्य किरण निघून भिंगभर पडतात. काचेत प्रकाशाचा वेग हवेतल्यापेक्षा साधारण दोन तृतीयांश होतो, त्यामुळे तिरपा शिरलेला किरण वळतो, बाहेर पडताना परत वळतो. कडेला काच जास्त उतरती म्हणून तिथे वळण जास्त, मध्ये जवळपास नाहीच, म्हणून एका ठिपक्याचे सगळे किरण पलीकडे एकाच जागी भेटतात. गड्ड्याच्या जत्रेत घरची माणसं वेगवेगळ्या वाटांनी येऊन ठरलेल्या पाळण्यापाशी भेटतात की नाही? एक वाट बंद झाली तरी बाकीचे तिथेच पोचतात, फक्त माणसं कमी. तिला कागदाला बारीक भोक पाडून भिंगावर लावायला सांगा.

मूळ प्रश्नकर्ती:
लावलं ओ! ज्योत अख्खीच आली, एकदम फिकी. पोरीने लगेच वहीत टोकापासून पाच किरण काढले, खूप आभार. पण एक नवीनच दिसलं, भोकातून कडा आधीपेक्षा रेखीव आल्या आणि कागद थोडा मागेपुढे सरकवला तरी ज्योत पुसट होईना. हे कशामुळे?