अनुभव धागा : पीसीओएस – पाळी, केस, शुगर आणि बाकी सगळं

धागाकर्ती :
पीसीओएसबद्दल (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे बायकांच्या हार्मोन्सची आणि पाळीची गडबड) आपल्याकडे दोनच वेळा बोललं जातं, लग्न ठरताना नाहीतर मूल होत नसताना. मधली सगळी वर्षं कशी काढली ते कोणी विचारत नाही म्हणून हा धागा. निदान कसं झालं, काय लागू पडलं, काय नाही, मोकळेपणाने लिहा. फक्त गोळ्यांचे डोस लिहू नका प्लीज, लोक स्क्रीनशॉट दाखवून थेट केमिस्टकडून आणतात.

सुरुवात माझ्यापासून. सोनोग्राफीत 'गाठी' दिसल्या म्हणून घरी रडारड, आईला वाटलं आता ऑपरेशन. मग दुसऱ्या डॉक्टरबाईंनी रिपोर्टच्या मागेच पेनाने काढून दाखवलं की या गाठी नाहीतच, अर्धवट वाढून थांबलेले फॉलिकल्स (ओव्हरीतल्या बीजाच्या पिशव्या) आहेत, ते कापून काढायचे नसतात. आणि नुसत्या सोनोग्राफीवर निदान करतच नाहीत. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन जास्त (रक्तात किंवा चेहऱ्यावरचे केस, पिंपल्स यातून दिसणारं) आणि सोनोग्राफी, या तीनातल्या दोन गोष्टी लागतात, २००३ सालापासून हाच हिशोब चालू आहे. तेही थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) वगैरे तपासून झाल्यावर.

काडीपैलवान :
मी लहानपणापासून बारीक, त्यामुळे 'तुला कसला पीसीओएस, तो जाड्या मुलींना होतो' हे नात्यातल्या समस्त काकवांकडून ऐकून झालंय. उपाशीपोटी शुगर नॉर्मल यायची म्हणून कोणी पुढे बघितलं नाही. नंतर एंडोक्रिनॉलॉजिस्टनी (हार्मोन्सचे डॉक्टर) ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं तर १४० च्या वर! मानेवरचा काळेपणा पण त्यातलाच निघाला, इन्सुलिन नीट काम करत नाही म्हणून येतो. आणि आमची आजी प्रत्येक दिवाळीला तीच मान उटण्याने खसाखसा घासायची, 'मळ साठलाय मेला' म्हणत.
मेटफॉर्मिनने (शुगरची गोळी) सुरुवातीला पोटाची वाट लागली, भरल्या पोटी घ्यायला लागल्यावर आणि हळू विरघळणारी गोळी मिळाल्यावर जमलं. बी१२ मात्र अधूनमधून तपासायला सांगितलंय, या गोळीने ते कमी होऊ शकतं.

हनुवटीवाली :
आयडीवरून कळलंच असेल. पर्समध्ये प्लकर, गाडीत प्लकर, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये प्लकर. लोकलमध्ये खिडकीशी बसलं की उन्हात केस दिसतील म्हणून मी हात हनुवटीवर ठेवूनच बसायचे, लोकांना वाटायचं केवढी विचार करतेय. पार्लरवाली थ्रेडिंग करता करता मोठ्याने म्हणणार, 'ताई, परत आले की हो!' आजूबाजूच्या चार जणी वळून बघणार.
माझ्या डॉक्टरांनी आधी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या, मग स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारं औषध). त्या दुसऱ्या औषधावर असताना दिवस राहू द्यायचे नाहीत हे आधीच बजावलं होतं. फरक दिसायला निदान सहा महिने जातात, केसांचं चक्रच हळू असतं, त्यामुळे महिन्याभरात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नका. सोबत लेझर केलं. केस पूर्ण गेले नाहीत, पण आता लोकलमध्ये हातात मोबाईल असतो :)

अमोल_ना :
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? बायकोला आहे. 'वजन कमी कर' म्हणणं बंद केलं आणि संध्याकाळी दोघं चालायला जाऊ लागलो, भांडणं कमी झाली. तिचं वजन पाचेक टक्के उतरलं तेवढ्यानेही पाळी बरीच सुधारली. चतुर्थीची साबुदाणा खिचडी तेवढी सुटत नाहीये, मलाच.

दोन_मुलींची_आई :
मोठी चौदाची. पाळी सुरू होऊन दोन वर्षंही झाली नाहीत आणि एका ठिकाणी सोनोग्राफी करून लगेच पीसीओएसचा शिक्का मारला. दुसरं मत घेतलं तेव्हा कळलं की पाळी आल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नये असं म्हणतात, त्या वयात ओव्हरी तशा दिसणं नॉर्मल असू शकतं. आता पाळीच्या तारखा आणि पिंपल्स यावर लक्ष ठेवा म्हणालेत. पोरीने तोवर नेटवर वाचून 'मला मूल होणार नाही' असं ठरवून टाकलं होतं. चौदाव्या वर्षी!

रानजाई :
@दोन_मुलींची_आई, लेकीला माझं सांगा. लेट्रोझोलच्या गोळ्यांवर बीज तयार झालं, मुलगा आता शाळेत जातो. सगळ्यांचं इतक्यात होतं असं नाही, पण आयव्हीएफ ही पहिली पायरी नसते. गरोदरपणात शुगर वाढली, भात मोजून खाल्ला. बाळंतपणानंतर शुगर परत तपासायची असते, बाळाच्या गडबडीत ते राहूनच जातं, नवऱ्याला रिमाइंडर लावायला सांगा.

नवीन_आयडी :
वाचतेय सगळं. चार महिने पाळी नाही, पोट दुखत नाही, बरंच वाटतंय खरंतर. थांबू का अजून?

धागाकर्ती :
@नवीन_आयडी, नको थांबूस. आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट कर, मग गायनॅककडे जा. तीन महिन्यांच्या वर वारंवार गॅप पडत गेली की गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, पुढे त्याचा कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन देऊन पाळी आणतात. ओवा, तीळ-गूळ खायचे तर खा, पण अपॉइंटमेंट घेऊन खा. मायग्रेन असेल किंवा घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते सांग, गोळी कुठली द्यायची ते त्यावर ठरतं.