पिळून बांधायच्या, पुन्हा वापरता येणाऱ्या तारा: पावसाआधी कोणत्या घेऊ? (बजेट २०० रुपये)

अंत्रुजी
मंडळी, सल्ला हवाय. गोव्यात फोंड्याजवळ राहते. पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरून झालं आहे: सोलां (आमसुलं), सुक्या मिरच्या, गलमो (सुका जवळा), खारे बांगडे, उकड्या तांदळाची गोण. पिशव्यांची तोंडं दरवर्षी रबरबँडने बांधते आणि चवथ (गणेश चतुर्थी) येईपर्यंत ते चिकट होऊन तुटतात. ब्रेडच्या पाकिटाला असते तशी, पण टिकाऊ, सोडून परत पिळता येणारी तार कुणी वापरली आहे का? टीव्हीमागच्या वायरी आणि कुळागरातले (पोफळीच्या बागेतले) मिरीचे नवे वेल यांनाही हवी आहे. २०० रुपयांच्या वर जायचं नाही.

माडाखाली
आत तार आणि वरून जाड रबर असलेल्या येतात, त्याच घ्या. माझा सेट ६५० चा. लहान-मोठ्या सगळ्या मापाच्या आहेत. स्कूटरला छत्री, होडीत गळाच्या काठ्या, अंगणातला पाण्याचा पाइप, सगळं त्यांनीच बांधतो. एकही मोडलेली नाही. स्वस्तातलं घेऊन दरवर्षी परत घेण्यात काय अर्थ?

बार्देशची लेक
वेल्क्रोची पट्टी. रीळ मिळतं, हवं तेवढं कात्रीने कापायचं. मिक्सरची वायर, इस्त्रीची वायर, मुलाच्या ड्रॉइंगच्या गुंडाळ्या, पडदे, सगळीकडे तेच आहे. तार गंजते, वेल्क्रोला गंज नाही.

खाजनाकाठी
वेल्क्रो पीठ-मसाल्याजवळ नको. आकड्यांत मिरचीपूड आणि केस अडकले की पकड जाते. जुन्या टूथब्रशने घासून निघतं, पण ते कोण करत बसणार?
मुख्य मुद्दा सोलांचा आहे. सोलं आंबट आणि वर मीठ लावलेली. पावसात मीठ हवेतलं पाणी ओढतं, पिशवीच्या तोंडाशी ओल येते आणि साध्या तारेचं कापलेलं टोक तिथूनच गंजायला लागतं. खाऱ्या बांगड्यांचंही तसंच. सोलं बरणीत भरा. तारच बांधणार असाल तर दोन्ही टोकं आत दुमडा आणि टोकाला नेलपॉलिशचा थेंब लावा. आमच्याकडे खाडीची खारी हवा आहे, तरी असं केलेल्या तारा पाऊसभर टिकतात.

बार्देशची लेक
मी कुठे मसाल्याला सांगितलं? तांदळाच्या गोणीला वेल्क्रो उत्तम.

मडगावचा वायरमन
टीव्हीच्या वायरींना नायलॉनचे केबल टाय लावू नका, कुणी कितीही सांगो. ते एकदा ओढले की कापूनच काढावे लागतात. आपल्याकडे मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा होतात, तेव्हा टीव्ही आणि राउटरचे प्लग ओढून काढायचे असतात. सगळं एकत्र आवळलेलं असलं तर एक वायर सुटी होत नाही. म्हणून उघडणारं बंधन हवं, तार असो की वेल्क्रो.
गीझर, इस्त्री किंवा शेगडीच्या वायरीचं वेटोळं करून ते चालू ठेवू नका. जास्त करंट जाताना वायर तापते आणि गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ उघड्या टोकाची तार अजिबात नको, दोन टर्मिनलना टेकली तर शॉर्ट होईल.

माडाखाली
केबल टाय काळे घेतले तर उन्हात टिकतात. पांढरे गच्चीवर तडकतात.

मडगावचा वायरमन
काळे जास्त टिकतात हे खरं, त्यात कार्बन असतो. पण ताईंना सोडता येणारं हवं आहे.

कुळागरवाली
वायरी राहू द्या, वेलांचं सांगते. मिरीच्या पेरापेरातून मुळं फुटतात आणि ती पोफळीला धरतात. तोवरच आधार लागतो. आम्ही सुकलेल्या केळीच्या सोपटाने बांधतो. वेलाने झाड धरलं की ते आपोआप कुजून पडतं. तार तशीच राहते, वेल जाड झाला की सालीत रुतते आणि वरचा भाग सुकतो. शेजारच्या कुळागरात असे सुकलेले वेल पाहिले आहेत, जीव तुटतो. तारच वापरणार असाल तर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी सैल घाला: एक फेरा वेलाला, एक पोफळीला, मध्ये पीळ.

चवथीची माटोळी
बांधण्याचा विषय निघालाच आहे तर माझी कळकळीची विनंती. माटोळीला (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीला) या तारा वापरू नका. आमच्या वाड्यावर गेल्या चवथीला हिरव्या प्लास्टिकच्या तारेने माटोळी बांधली होती. केवणीची दोरी बाजारात मिळते, सालीची असते, मजबूत असते. कवंडळ, तोरिंगण ही फळं आणि सुपारीची शिपटं (घड) तिलाच शोभतात. विसर्जनानंतर सगळं मातीत जातं, तार जात नाही.

माडाखाली
नारळाचा घड आणि चिबूड जड असतात. पोरं खाली बसतात. आतून तार आणि वरून केवण दिसली तर काय बिघडलं?

चवथीची माटोळी
पिढ्यानपिढ्या केवणीवर नारळ टांगले आहेत. नीट बांधायला शिकवा, तार नको.

गोठ्यातला
धागा लांबला तरी हे वाचा. तारेचे तुकडे कचऱ्यात, विशेषतः ओल्या कचऱ्यात टाकू नका. गाय चावून खात नाही, गिळते. तार पोटात जाऊन अडकते आणि जाळीपोट (गाईच्या पोटाचा एक कप्पा) भोसकून हृदयापर्यंत पोहोचू शकते. पिशवीसकट गिळलेली तार बाहेरून कळत नाही, जनावर खाणं सोडतं आणि झुरतं. रस्त्यावरची गुरं आपल्याच पिशव्या खातात. तुटलेल्या तारा डब्यात साठवा आणि भंगारवाल्याला द्या. घरात मांजर असेल तरीही जपा.

बार्देशची लेक
म्हणून तर वेल्क्रो म्हणते.

पणजीची काकी
तार बांधण्याआधी पिशवीतली हवा काढा, तोंड घट्ट पिळा, ते दुमडून खाली घ्या आणि मग दोन्हींवरून तार बांधा. नुसत्या तोंडाला बांधली तर दमट हवा आत जातेच आणि मिरच्या मऊ पडतात. घरात सगळ्यांनी एकाच दिशेला पीळ घालायचा असं ठरवा, नाहीतर सोडताना उलटी पिळून तार मोडते. तार असलेली पिशवी मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, ठिणग्या उडतात. आणि खरं सांगायचं तर सगळं काचेच्या बरण्यांतच भरावं. मी तेच करते.

अंत्रुजी
सगळ्यांचे मनापासून आभार. बरण्या लोणच्यांनी भरल्या आहेत, ६५० रुपये मला घालायचे नाहीत, वेल्क्रोवर विश्वास बसत नाही. आज फोंड्याच्या बाजारातून बागेची हिरवी तार आणली: प्लास्टिकचं वेष्टण, कापायची पाती असलेलं रीळ, १२० रुपये. सगळीकडे तीच वापरणार आहे.
सोलां दोन पिशव्यांत भरली. आतली सुती दोऱ्याने, बाहेरची तारेने, टोकं दुमडून. काकींनी सांगितलं तशीच तोंडं दुमडली. मिरीलाही तारच, पण आठाच्या आकड्यात सैल, आणि मुळांनी धरलं की मी स्वतः फिरून काढणार. कुळागरवाली ताई, रागावू नका, सोपटं वळायला आमच्याकडे माणूस नाही. टीव्हीच्या वायरी वायरमनभाऊंच्या सांगण्याप्रमाणे सोडता येतील अशा बांधल्या. तुकड्यांसाठी बिस्किटाचा रिकामा डबा ओट्यावर ठेवला आहे. माटोळी केवणीनेच.

कुळागरवाली
रागावत नाही. पण काढायचं विसरू नका, आश्विनात एकदा आठवण करून देईन.

बार्देशची लेक
तांदळाच्या गोणीपुरती तरी वेल्क्रो बघा. पुरून उरलेलं रीळ हवं असेल तर फोंड्याला येताना घेऊन येते.