घरातल्या दोघांना दिवसभर मीच बघते, सरकारकडून काय मिळतं का? (सोलापूर)

विडीघरकुलची_सून
नमस्कार. सासरे ७१ वर्षांचे, दीड वर्षापूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली. धाकटे दीर ३४ चे, जन्मापासून मतिमंद. मी युनिफॉर्म शिवायला जायचे, ते सोडलं. मिस्टर लूमवर आहेत. सासरे चादरीच्या कारखान्यात होते, त्यांना पीएफची पेन्शन येते, थोडीच. घरी राहून सांभाळणाऱ्या बाईला काही भत्ता असतो का? लाडकी बहीण चालू आहे, ते सोडून सांगा. दिरांच्या दिव्यांग दाखल्यासाठी तीनदा जाऊन आले, दर वेळी "आज डॉक्टर नाहीत".

सातरस्ता_काका
ताई, आधी कडू सांगतो. सांभाळणाऱ्याच्या नावाने आपल्याकडे पैसे येत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कलम २४ मध्ये काळजी घेणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे. केरळात 'आश्वासकिरणम' नावाने महिन्याला ६०० रुपये देतातही. आपल्याकडे मात्र येईल ते आजारी माणसाच्या नावावर. म्हणून दाखला सोडू नका, त्याच्याशिवाय पुढचं एकही दार उघडत नाही. दिव्यांग दाखल्याच्या सरकारी 'स्वावलंबन' पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करा आणि पावती हातात घेऊन जा. पावतीवर नंबर असला की "उद्या या" म्हणणं जरा जड जातं. अर्ज दोघांचाही करा. लकव्याने हातपाय गेले तर तेही दिव्यांगत्वच.

जुळेसोलापूरकर
दिरांसाठी संजय गांधी निराधार योजना. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला १५०० चे २५०० झालेत. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आणि उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत, ही अट. खरी अडचण इथंच येते. उत्पन्नाच्या दाखल्यात कुणाकुणाचं उत्पन्न धरलंय ते तलाठ्याकडे नीट बघून घ्या, नाहीतर तहसीलमधून अर्ज परत येतो. एजंटला पैसे देऊ नका, सेतूत भरता येतो. पैसे दिरांच्या खात्यावर येतील, तुमच्या लाडक्या बहिणीला त्याने धक्का नाही.

सातरस्ता_काका
आणि सासऱ्यांचं आयुष्मान कार्ड काढलंत का? ७० वर्षांपुढच्यांना उत्पन्न न बघता ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. आधार पुरतं.

पीएफवाला_निवृत्त
एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. पीएफच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत, सभासदाच्या मागे मूल कायमचं पूर्ण अपंग असेल तर त्याला वयाची अट नाही, आयुष्यभर पेन्शन मिळते. वेळ आल्यावर पळापळ करण्यापेक्षा दिरांचे कागद आत्ताच जमवून ठेवा. सासऱ्यांच्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना उचलून बँकेत नेऊ नका. पोस्टमन घरी येऊन करून देतो, नाहीतर मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो.

एका_मुलाची_आई
मी सोळा वर्षं हेच करते आहे, बाई. मतिमंद, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असणाऱ्यांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा 'निरामय' आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. थेरपीसुद्धा बसते. दुसरं, कायदेशीर पालकत्व. दीर १८ च्या पुढचे, त्यामुळे घरातलं माणूस म्हणून तुम्ही आपोआप पालक होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. बँकेत अडल्यावर हे कळतं, मी तिथंच अडले होते.
एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत. सोबतच्यालाही अर्धं तिकीट, पण दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर हवं. आपल्या बायकांना तसंही अर्धंच आहे म्हणा!

विडीघरकुलची_सून
सगळ्यांचे आभार. एक विचारायचं राहिलं. मोठे दीर पुण्यात चांगल्या कंपनीत आहेत. दिवाळीला येतात, वडिलांच्या पाया पडतात, फोटो काढतात. पैशाचं बोललं की "तुम्ही तिथंच राहता ना".

जुळेसोलापूरकर
२००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. सासऱ्यांच्या नावाने प्रांत कार्यालयात अर्ज. वकील लागत नाही. मुलाने महिन्याला १० हजारांपर्यंत द्यावे असा आदेश निघू शकतो, ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो.

सातरस्ता_काका
बरोबर आहे, पण घरात कायमचा तिढा पडतो हेही लक्षात घ्या. मी असतो तर आधी महिन्याचा हिशोब लिहून पाठवला असता. डायपर, औषधं, फिजिओ, आणि तुम्ही सोडलेली शिलाईची मजुरी. ती शेवटची ओळ विसरू नका.

एका_मुलाची_आई
तिढा पडायचा तो तिच्या एकटीवर पडलेलाच आहे, काका. सासऱ्यांना विचार ग, सही त्यांची लागणार आहे.

विडीघरकुलची_सून
त्यांना बोलता नीट येत नाही, पण कळतं सगळं. काल रात्री हिशोब वाचून दाखवला. शिलाईची ओळ आली तेव्हा डाव्या हाताने कागद ओढून घेतला आणि उशीखाली ठेवला. सोमवारी आधी दाखल्याचं बघते. फक्त सांगा, लकव्याच्या माणसाचा अंगठा डाव्या हाताचा चालतो ना?

पीएफवाला_निवृत्त
चालतो. शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.