मदत हवी आहे: ॲसिडने जळलेली अन्ननलिका, मोठ्या आतड्याची नवी नळी

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाने, वय 26, आठ महिन्यांपूर्वी पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं संडास साफ करायचं ॲसिड चुकून प्यायलं. दोनच घोट. जीव वाचला, पण अन्ननलिका आक्रसली. दुर्बिणीतून सहा वेळा रुंद करून पाहिली, दर वेळी पंधरा-वीस दिवसांत परत बंद. आता थुंकीही गिळता येत नाही. पोटातून आतड्यात घातलेल्या नळीवाटे पातळ अन्न देतो.

डॉक्टर म्हणतात, मोठ्या आतड्याचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट वर आणून छातीच्या हाडामागून गळ्यात जोडायचा. जठर वर ओढता आलं असतं, पण ॲसिडने तेही आकसलंय. घशाचा खालचा भागही चिकटलाय, म्हणून जोड स्वरयंत्राच्या अगदी जवळ येणार. भीती त्याचीच आहे. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, गळ्याला काही काळ श्वासासाठी छिद्र ठेवावं लागेल असं सांगितलंय.

कुणाच्या घरी हे ऑपरेशन झालंय का? पुन्हा गिळायला शिकायला किती महिने लागले? आवाज राहिला का? जोड नंतर आकसला का? मुंबई-पुण्यात गिळण्याचे व्यायाम शिकवणारे चांगले थेरपिस्ट माहीत असतील तर जरूर सांगा. आम्ही सोलापूरकडचे, राहण्याची सोय करू.

त्याला आईच्या हातची आमटी प्यायची आहे. रोज विचारतो, कधी.

आणि कृपा करून ॲसिड पाण्याच्या बाटलीत ठेवू नका.