मदत हवी आहे : वाईटपणा खरा असतो की नुसती उणीव?

२०१९ च्या महापुरात सांगलीतलं आमचं घर बुडालं. पाणी ओसरल्यावर चिखलात आईचा पितळी डबा सापडला. कुलूप करवतीने कापलेलं, पाटल्या गायब. त्याच आठवड्यात अनोळखी माणसं दारात भाकऱ्या देऊन गेली.

ख्रिस्ती संत-विचारवंत ऑगस्टीनच्या मते आंधळेपण म्हणजे दृष्टीचा अभाव, तसं वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव. पसायदानही खळ म्हणजे दुष्ट माणसं नष्ट होवोत म्हणत नाही, त्यांची ‘व्यंकटी’ म्हणजे वाकडेपणा सांडो म्हणतं. पटतं. पण करवत चालवणारा हात नुसता अभाव कसा? जर्मन तत्त्वज्ञ कान्ट १७९३ मध्ये लिहितो, वाईटाकडचा कल माणसात मुळापासून असतो, तरी दोष त्याचाच. मला हेच जवळचं वाटतं.

आई अजून विचारते, “असं का केलं असेल रे त्यानं?” तिला वाचून दाखवता येईल असं सोप्या मराठीतलं काही सुचवाल का? बौद्ध विचार कुणी समजावला तर फार बरं होईल.